पापणीवरचा मुक्काम

१९११ साली धुंडिराज गोविंद फाळके यांना दिसेनासे झाले. त्या वर्षी ईस्टरच्या सुमारास गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यानंतर त्यांनी डोळ्यांना विसावाच दिला नाही. मिळेल तो चित्रपट पाहायचा, घरी येऊन वाचायचे, प्रयोग करायचे, झोप नावालाच. डोळ्यांनी दगा दिला. मुंबईच्या डॉ. प्रभाकरांनी उपचार केले, एकामागून एक तीन-चार चष्मे दिले, आणि दृष्टी परत आली. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ झाल्यावर फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कंपनी दोन्ही नाशिकला हलवले. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ हे चित्रपट इथले. आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, सुट्टीच्या दिवशी तिथे गर्दीही असते. पण फाळक्यांनी नाशिकला आणलेल्या एका गोष्टीकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे भिंगाच्या नजरेला पुरेल इतका ठळक डोळा करण्याची गरज. आज कॉलेज रोडवरच्या ब्यूटी पार्लरमध्ये दीड-दोन तास आडवे पडून पापण्या लांब करून घेतल्या जातात, त्याची मुळे शोधायची तर आजीच्या काजळाच्या डबीइतकेच या कॅमेऱ्याकडेही जावे लागते.

मूकपटाच्या काळातली फिल्म तांबड्या रंगाला आंधळी असे. निळा रंग तिच्यावर पांढरा उमटे, तांबडा काळा पडे, आणि उन्हात रापलेला सावळा चेहरा होता त्याहून गडद दिसे. त्यात आवाज नाही. सगळे बोलायचे ते डोळ्यांनी. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. हा गृहस्थ मूळचा ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातला नोकर. रामाचा डोळा वेगळा आणि सीतेचा वेगळा दिसायचा तर रंगभूषेलाच राबावे लागणार. नाटकमंडळ्यांच्या पेटीतून चालत आलेले सफेदा, हिंगूळ आणि काजळ हेच इकडचे परंपरेचे भांडवल होते. याच्या एकच वर्ष आधी अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ ‘इंटॉलरन्स’ काढत होता. त्याला सीना ओवेन या नटीच्या पापण्या गालाला टेकतील इतक्या लांब हव्या होत्या. टोप करणाऱ्या कारागिराने माणसाचे केस जाळीत विणले आणि टोप चिकटवण्याच्या डिंकानेच ते तिच्या पापण्यांवर बसवले. एका सकाळी ती आली ती डोळे सुजून जवळजवळ मिटलेल्या अवस्थेत, असे लिलियन गिश यांनी आठवणींत नोंदवले आहे. गरज दोन्हीकडे एकच होती, कॅमेऱ्याला डोळा दिसला पाहिजे. एका परंपरेत त्यावरचा उपाय संध्याकाळी तेलाच्या बोटाने पुसून जाणारा होता, दुसरीने तो चिकटवला.

या लेखात मांडायचे आहे ते या फरकाबद्दलच. डोळ्याच्या शृंगारावर बोलताना आपण दोन पक्षांत वाटले जातो. एका पक्षाच्या मते जुने ते निर्मळ, नवे ते रसायन. दुसऱ्याच्या मते जुने ते अडाणी, नवे ते तपासून घेतलेले. इतिहास पाहिला तर दोघांचीही पंचाईत होते. काजळानेही डोळे गेले आहेत, आणि कारखान्यातल्या प्रसाधनांनी कोट्यवधी डोळ्यांचे काहीही बिघडवलेले नाही. पदार्थ काय, हा प्रश्न महत्त्वाचा खराच, पण त्याच्याही आधीचा प्रश्न असा की ती वस्तू पापणीच्या कडेवर किती काळ मुक्कामाला राहते, आणि ती तिथे असताना डोळा धुता येतो की नाही. पाहुणा कितीही सज्जन असला तरी तो न्हाणीघर अडवून बसला की घराचे काय होते, हे सांगायला नको.

प्रथम जुन्या ग्रंथांकडे जाऊ, कारण ‘आपल्याकडे पूर्वापार अंजन होतेच’ असे म्हणणारे बहुतेक लोक ग्रंथांतला निम्माच भाग सांगतात. चरकाने सौवीरांजन रोज घालायला सांगितले आहे हे खरे. पण दारुहळदीचा काढा आटवून केलेले रसांजन, जे डोळ्यांतून पाणी काढते, ते पाचव्या किंवा आठव्या रात्री, आणि तीक्ष्ण अंजन दिवसा नाहीच, कारण पाणी वाहून थकलेला डोळा उन्हात शिणतो. रात्रीचे जागरण झाले असेल, ताप असेल, उलटी झाली असेल, डोक्यावरून नुकतीच अंघोळ केली असेल तर अंजन घालू नये, अशी वर्ज्य प्रसंगांची लांबलचक यादी ग्रंथांत येते. सुश्रुताने तर शलाकेचीही मापे दिली आहेत. लांबी आठ अंगुळे, मध्ये बारीक, दोन्ही टोके कळीसारखी आणि वाटाण्याएवढी गोल. डोळ्याजवळ न्यायच्या वस्तूला टोक नसावे ही समज त्या मापांतच आहे. अशा तांब्याच्या अंजनशलाका हडप्पापासून तक्षशिलेपर्यंत उत्खननांत निघाल्या आहेत. आणि सगळ्यांत कळीचा भाग पुढे आहे. औषधाचा जोर ओसरला की डोळा धुवायचा, आणि धुतल्यावर गरज असेल तर शांतवणारे प्रत्यंजन घालायचे. म्हणजे अंजन घालणे, थांबणे, धुणे, निववणे असा तो चार पायऱ्यांचा विधी होता. घरोघरी आली ती पहिली पायरी, उरलेल्या तीन वैद्याकडेच राहिल्या. ज्या शहरातल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून १९९८ पासून राज्यभरच्या एमबीबीएस आणि बीएएमएस या दोन्ही परीक्षा चालतात, त्या नाशकात तरी हा विधी आख्खा आठवायला हरकत नसावी.

घरातले काजळ ही मात्र बायकांची, वैद्याविना चाललेली विद्या, आणि तिचे तंत्र पाहण्यासारखे आहे. एरंडेलाचा किंवा तुपाचा दिवा लावायचा, त्याच्या दोन बाजूंना वाट्या ठेवून वर तांब्याचे ताट किंवा पळी पालथी टेकवायची. ज्योत धातूला चाटली पाहिजे पण गुदमरता कामा नये. ती फार जवळ आली की विझते, दूर गेली की काजळी विरळ धरते. रात्रभरात ताटाच्या पोटाला मखमलीसारखा काळा थर बसतो. तो सुरीने खरवडायचा, शंभरदा धुतलेल्या लोण्यात किंवा तुपात खलायचा, हौस असेल तर कापराची चिमूट घालायची आणि डबीत भरायचा. नाशिक हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे जुने गाव. १८८३ च्या गॅझेटियरनेही या धंद्याची दखल घेतली आहे. त्यामुळे काजळ धरायला तांब्याचे ताट आणि ठेवायला पितळेची डबी यांची ददात इथे कुणाला पडली नसावी. या काजळात शिसे नसे, ही त्याची मोठी जमेची बाजू. दिव्याची काजळी म्हणजे कार्बन. पण ते घातले जाई बोटाने. बाळाला घातले, त्याच बोटाने थोरल्याला घातले, त्याच बोटाने राहिलेले स्वतःला, आणि पाणी आले की सगळ्यांचे डोळे एकाच पदराने पुसले. खुपऱ्या या रोगाला याहून चांगला रस्ता मिळणे कठीण. जंतू बोटावरून, पदरावरून, माशीच्या पायावरून एका डोळ्यातून दुसऱ्यात जातो. वारंवार झालेल्या खुपऱ्यांनी पापणीची आतली बाजू व्रणांनी आखडते, पापणी आत वळते आणि तिचे केस बुबुळावर घासू लागतात. प्रत्येक उघडझापेला घासतात. काही वर्षांत बुबुळ पांढरे पडते. भारतात या रोगाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम १९६३ साली सुरू झाला, १९७६ साली तो अंधत्व नियंत्रणाच्या मोठ्या कार्यक्रमात सामावला गेला, आणि खुपऱ्या ही आता सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिली नाही यावर जागतिक आरोग्य संघटनेने शिक्कामोर्तब केले ते २०२४ च्या ऑक्टोबरात. महाराष्ट्रात त्यांचा जोर पंजाब-राजस्थानइतका कधी नव्हता, हेही सांगायला हवे. पण शुद्ध पदार्थ, तोही घरचा, आईच्या हातचा, आणि तरी तोच रोगाचे वाहन होऊ शकतो, हे काजळाच्या डबीने दाखवून दिले आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पदार्थाला असे दुय्यम कसे ठरवता? सुरम्याचे काय? जुन्या नाशकात किंवा मालेगावात अत्तरासोबत मिळणारा सुरमा नावाने अंजनधातूचा, म्हणजे अँटिमनीचा असला, तरी सुरम्याच्या अनेक नमुन्यांत मुख्य घटक शिशाचे सल्फाइड निघाले आहे. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते आणि त्याची निर्धोक मात्रा अशी काही नाही. तसेच १९३३ च्या सुमारास अमेरिकेत विकल्या गेलेल्या ‘लॅश ल्यूर’चे. पापण्या आणि भुवया रंगवण्याच्या त्या रंगात पॅराफेनिलीनडायमिन होते. बायकांच्या पापण्या सडल्या, डोळे गेले, एक बाई दगावली. प्रसाधनांवर अंकुश ठेवणारा १९३८ चा अमेरिकन कायदा ज्या प्रकरणांमुळे झाला, त्यांत याचे नाव पुढे असते. तेच रसायन आज आपल्याकडे केसांच्या काळ्या कलपात आणि ‘काळी मेंदी’ म्हणून खपणाऱ्या पुडीत असते, म्हणून कलप भुवई-पापणीला लावू नये असे पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेले असते. तेव्हा विषारी पदार्थ हा विषारीच, यात वाद नाही. पण या दोन उदाहरणांकडे जरा निरखून पाहावे. सुरमा बाळाच्या डोळ्यात रात्रभर राहतो, अश्रूंबरोबर नाकाघशात उतरतो, बाळ डोळे चोळते आणि बोट तोंडात घालते. शिसे पोटात जाते ते या वस्तीमुळे. आणि लॅश ल्यूरचा विकला जाणारा गुण नेमका हाच होता की तो धुतल्याने जात नाही. रोज काळे करण्याची कटकट नको म्हणून तो रंग निघाला. ॲलर्जी उठल्यावर तो धुऊन टाकायची सोयच नव्हती. विष आणि मुक्काम असे दोन वेगळे मुद्दे इथे उरत नाहीत. मुक्कामाने विषाला वेळ मिळतो.

आता कॉलेज रोडवर या. आयलॅश एक्स्टेन्शनचे काम हा हाताच्या कसबाचा उत्तम नमुना आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. बाई आडवी, डोळे मिटलेले, खालच्या पापण्या जेलच्या पट्टीखाली दाबलेल्या. कारागिराच्या दोन्ही हातांत एकेक चिमटा. डाव्या चिमट्याने नैसर्गिक पापणीचा एकच केस शेजाऱ्यांपासून वेगळा काढायचा, उजव्यात धरलेला कृत्रिम केस डिंकाच्या थेंबात बुडवून त्याच्यावर ठेवायचा, कातडीपासून किंचित अंतर राखून, आणि डिंक धरेपर्यंत श्वास रोखल्यासारखे थांबायचे. ‘मिंक’, ‘सिल्क’ अशी नावे असली तरी हे तंतू बहुधा प्लास्टिकचेच. वरच्या पापणीला सुमारे ९० ते १५० केस असतात, त्यांतल्या बहुतेकांवर हे करायचे. डिंक सायनोॲक्रिलेटचा, म्हणजे तुटकी कपबशी जोडायला वापरतो त्याच कुळातला. तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो आणि त्यातून थोडे फॉर्मलडिहाइड सुटू शकते. काम झाले की सूचना मिळते, एक-दोन दिवस पाणी लावू नका, तेल लावू नका, चोळू नका. पुढेही जपूनच, आणि दोन-तीन आठवड्यांनी ‘रिफिल’ला या, कारण पापणीचे केस आपल्या क्रमाने गळतच असतात. ज्या गावात लोक पाण्यात बुडी मारण्यासाठी शेकडो मैलांवरून येतात, त्याच गावात पैसे देऊन डोळ्याला पाणी न लावण्याचे पथ्य घेतले जाते, ही गंमत सोडवत नाही.

गमतीपुरतेच असते तर सोडून दिले असते. पापणीच्या कडेला, केसांच्या मुळांमागे, तेलाच्या ग्रंथींची रांग असते, वर पंचवीस ते चाळीस, खाली थोड्या कमी. त्यांचे तेल अश्रूंवर तवंगासारखे पसरते आणि अश्रू सुकू देत नाही. ही तोंडे मोकळी राहायची तर कड रोज स्वच्छ व्हायला हवी. कृत्रिम केस लावलेली बाई साहजिकच तिथे हात लावायला भिते, इतके पैसे घालून लावलेले केस चोळून कोण काढील? मग कोंडा, चिपडे, धूळ, मृत त्वचा डिंकाच्या गाठींभोवती साचते. कडेचा दाह, खाज, रांजणवाडी, कोरडे डोळे ही तिथून निघणारी वाट. २०१२ साली जपानमधल्या नेत्रतज्ज्ञांनी एक्स्टेन्शनमुळे डोळ्यांची तक्रार घेऊन आलेल्या १०७ स्त्रियांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतल्या ६४ जणींना बुबुळ आणि नेत्रावरणाचा दाह होता, ४२ जणींना पापण्यांची ॲलर्जी, आणि तपासलेल्या तीनही डिंकांत फॉर्मलडिहाइड सापडले. दुसरी गोष्ट लांबीची. २०१५ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेतल्या संशोधकांनी २२ सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एकतृतीयांश असल्याचे त्यांना आढळले. वाऱ्याच्या बोगद्यातल्या प्रयोगांत त्याच लांबीला डोळा सर्वांत कमी सुकला आणि धूळही कमी बसली. त्याहून लांब केस नरसाळ्यासारखे वागतात, वारा डोळ्यावर वळवतात. गंगापूर रोडवरून उन्हाळ्यात स्कूटीवर जाणारीला हे सांगायला प्रयोगशाळा लागू नये.

यावर पार्लरवाल्यांचे म्हणणे असे, आणि ते डावलता येत नाही, की नीट शिकलेल्या हातांनी, चांगल्या डिंकाने, हवेशीर खोलीत केले तर बहुसंख्य गिऱ्हाइकांना काही होत नाही. जपानच्या त्या १०७ जणी दवाखान्यात आलेल्याच होत्या, न आलेल्या किती हे त्या आकड्यात नाही. हे खरे आहे. मी तरी या धंद्याला विषाचा धंदा म्हणणार नाही. डोळ्यांना न चुरचुरणाऱ्या फेसाच्या, तेलविरहित साबणाने रोज कडा धुवायला शिकवणारी पार्लरे आहेत, आणि तसे केल्याने साचणे बरेच टळते. पण या बचावात माझे म्हणणे कबूलच झालेले आहे, कारण इथेही वाचवते ती धुण्याची शिस्त, आणि ही शिस्त वस्तूच्या स्वभावाविरुद्ध आहे. काजळ धुतले की जाते म्हणून ते रोज धुतले जाई, त्यासाठी कुणाला शिकवावे लागले नाही. इथे धुण्याची आठवण मुद्दाम ठेवावी लागते, आणि तीही पैसे वाया जातील या भीतीवर मात करून. दुसरा सूर ‘हे सगळे बायकांचे नखरे’ असा असतो. त्याला उत्तर अण्णा साळुंक्यांच्या सीतेने शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. डोळा मोठा दिसण्याची मागणी पाहणाऱ्याची आणि भिंगाची असते. लग्नातला कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे आणि तो रोज चालू असतो, तेव्हा रोजचा डोळाही लग्नातल्यासारखा हवा झाला. मुक्काम लांबला तो त्यामुळे.

कायद्याची नजरही अजून पदार्थावरच खिळलेली आहे. १९४० च्या औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्यापासून २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांपर्यंत सगळा भर बाटलीत काय आहे यावर. प्रसाधनातल्या रंगांत शिसे दशलक्ष भागांत २० पेक्षा जास्त नको, आर्सेनिक २ पेक्षा जास्त नको, आयात कुणी करायची, लेबल कसे हवे. हे हवेच, सुरम्याच्या अनुभवानंतर तर हवेच. पण बाटली उघडल्यावर ती डोळ्यापासून दोन मिलिमीटरवर कुणाच्या हातात आहे, त्या हाताने किती दिवस शिकले, चिमटा दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये उकळला का, यावर ते नियम बोलत नाहीत. खुपऱ्यांच्या काळात बोट जसे कुणाच्या नियमात बसत नव्हते तसाच आज चिमटा बसत नाही.

सुश्रुताच्या उत्तरतंत्रात पक्ष्मकोप नावाचा विकार आहे, पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचण्याचा. त्यावरची शस्त्रक्रिया तपशिलाने दिली आहे. रोग्याला बसवायचे, भुवईखाली आणि पापणीच्या कडेवर जागा सोडून मधली जवाच्या आकाराची कातडी कापून काढायची, केसाच्या दोऱ्याने शिवायचे, कपाळावर पट्टा बांधून टाके त्याला ओढून धरायचे, म्हणजे पापणी बाहेर वळते. पापणीच्या केसाची दिशा दोन-चार अंश बिघडली तर केवढा खटाटोप करावा लागतो, हे या वर्णनात दिसते. आजच्या जोडकामात चुकून दोन नैसर्गिक केस एकमेकांना चिकटले, तर ते वेगवेगळ्या वेगाने वाढतात, एक दुसऱ्याला ओढत राहतो, आणि मुळाशी दुखू लागते. तेव्हा ते सोडवायचे कसे? पाण्याने सुटत नाहीत. ओढावे तर स्वतःचा केस मुळासकट येतो. ते सोडवणारे द्रावण पार्लरमध्ये असते, आणि ते लावताना पुन्हा तसेच आडवे पडून डोळे घट्ट मिटून घ्यावे लागतात. साळुंक्यांची सीता चित्रीकरण संपल्यावर तेलाचे बोट फिरवून मोकळी होऊ शकत होती. जिचा डोळा लग्नाहून परतल्यावर रात्री अकराला सुजतो, तिला एक तर डोळ्यांचा दवाखाना गाठावा लागतो, नाहीतर सकाळी दहाला पार्लरचे शटर वर जाण्याची वाट पाहावी लागते.